दोन जागांचा गोवा : लिस्बनच्या कोर्तेसपासून दिल्लीच्या लोकसभेपर्यंत

लोकसभेत ५४३ सदस्य निवडून जातात. त्यांत गोव्याचे दोन. राज्यसभेत गोव्याचा एक. महाराष्ट्राचे ४८ आणि १९, कर्नाटकाचे २८ आणि १२ हे आकडे शेजारी ठेवले की गोव्याच्या तीन खासदारांनी दिल्लीत नेमके काय साधायचे, असा प्रश्न कोणालाही पडावा. पण गोव्याच्या प्रतिनिधित्वाचा इतिहास एवढ्याशा आकड्यात मावणारा नाही. दूरच्या राजधानीतल्या सभागृहात आपली माणसे पाठवण्याचा या भूमीचा अनुभव दोनशे वर्षांचा आहे. त्यातली सुमारे एकशे चाळीस वर्षे लिस्बनच्या वाटेवर गेली, उरलेली दिल्लीच्या. या प्रवासातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. सभागृहात माणूस बसला म्हणजे प्रजेचा कौल तेथे पोचला, असे होतेच असे नाही. आणि तो पोचला, तेव्हा जागांच्या संख्येमुळे पोचला असेही क्वचितच घडले. घटकराज्याच्या वाटचालीवरील या स्मरणिकेत तो प्रवास टप्प्याटप्प्याने पाहणे म्हणूनच उपयोगाचे आहे.

लिस्बनची वाट

ऑगस्ट १८२० मध्ये पोर्तुगालमधील पोर्तो शहरात उदारमतवाद्यांनी उठाव केला. त्यातून राजाच्या निरंकुश सत्तेला लगाम घालणारी राज्यघटना आली आणि कोर्तेस म्हणजे पोर्तुगीज संसद नव्याने उभी राहिली. सागरपार मुलखांनाही तेथे प्रतिनिधी पाठवण्याचा अधिकार मिळाला. १८२२ मध्ये गोव्यात निवडणूक झाली आणि तिघांची निवड झाली : बर्नार्दो पेरिस द सिल्वा, कोन्स्तांसियो रॉक द कॉश्ता आणि पोर्तुगीज वैद्य लिमा लैतांव. तिघांपैकी दोघे या मातीतले. ब्रिटिश हिंदुस्थानात अशा हक्काची चर्चाही सुरू व्हायची होती, त्या काळातली ही गोष्ट आहे.

या हक्काचे आयुष्य मात्र सुरुवातीला अगदीच थोडे ठरले. १८२३ मध्ये राजसत्तेने उचल खाल्ली, उदारमतवादी राजवट कोसळली आणि तिच्याबरोबर ती संसदही गेली. पेरिस द सिल्वा यांचे पुढचे आयुष्य पोर्तुगालमधील यादवीबरोबर वर-खाली होत राहिले. उदारमतवादी पुन्हा सत्तेवर आले तेव्हा त्यांना गोव्याचे प्रीफेक्त, म्हणजे कारभाराचे प्रमुख, नेमण्यात आले. साडेचारशे वर्षांच्या पोर्तुगीज अमलात या पदापर्यंत पोचलेला हा एकमेव गोमंतकीय. जानेवारी १८३५ मध्ये त्यांनी सूत्रे हाती घेतली आणि अवघ्या सतरा दिवसांत लष्करातल्या विरोधकांनी त्यांना पदच्युत केले. लिस्बनने दिलेला अधिकार पणजीत चालत नाही, हा धडा गोव्याच्या पहिल्या लोकप्रतिनिधीलाच मिळाला. त्यानंतर ते पुन्हा संसदेत निवडून गेले आणि १८४४ मध्ये लिस्बनमध्येच वारले.

या परंपरेतले सर्वांत तेजस्वी नाव डॉ. फ्रान्सिस्को लुईस गोम्स यांचे. सासष्टीतील नावेली गावात १८२९ मध्ये जन्मलेला हा वैद्य १८६० मध्ये निवडून आला आणि पुढल्या वर्षी सभागृहात दाखल झाला. सागरपार प्रांतांना प्रतिनिधित्वाचा हक्क असलाच पाहिजे, ही बाजू त्यांनी तेथे आल्याआल्याच मांडली. अर्थशास्त्र, जमीनधारा, वसाहतींचा कारभार या विषयांवर त्यांचा अधिकार मानला जाई. १८६६ मध्ये त्यांची ‘ओस ब्राह्मानिस’ ही कादंबरी आली. तिची पार्श्वभूमी १८५७ च्या उठावाची. प्रकृती ढासळल्यावर मायदेशी परतताना सप्टेंबर १८६९ मध्ये बोटीवरच त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय चाळीस होते.

या गौरवशाली पानांची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. मताधिकार उत्पन्न आणि शिक्षण पाहून दिला जाई. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी या जुन्या काबिजादींतल्या, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या तालुक्यांतल्या, ख्रिस्ती उच्चवर्णीय घराण्यांच्या हातीच ही निवडणूक राहिली. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे, काणकोण या नव्या काबिजादींतला हिंदू बहुजन आणि कष्टकरी समाज या सगळ्याच्या बाहेर होता. १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यानंतर धर्माच्या आधारे होणारा भेद कायद्याने संपला आणि हिंदूंना शिक्षण, नोकरी व सार्वजनिक जीवन यांची दारे उघडली. पण हा मोकळा काळ दीड दशकाहून थोडाच अधिक टिकला.

सालाझारची संसद

१९२६ च्या लष्करी उठावानंतर पोर्तुगालमध्ये हुकूमशाही आली. १९३० च्या वसाहत कायद्याने गोव्याचे दुय्यमत्व उघडपणे लिहून ठेवले. त्याविरुद्ध लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी ४ जुलै १९३० रोजी गोव्याच्या विधिमंडळात ठराव मांडून गोमंतकीयांच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काचा उच्चार केला. तो ठराव मंजूरही झाला. लिस्बनमध्ये जे म्हणता येत नव्हते ते पणजीत म्हटले गेले, आणि त्याची किंमत म्हणून गोव्यातील वृत्तपत्रे व सभा यांवरचा फास आवळत गेला.

लिस्बनच्या नॅशनल असेंब्लीत गोव्याच्या जागा होत्या, पण उमेदवार सत्ताधाऱ्यांच्या पसंतीचेच असायचे. या चाकोरीबाहेर उठून दिसतात ते जंतुशास्त्रज्ञ डॉ. फ्रोइलानो द मेलो. पणजीचे नगराध्यक्षपद सांभाळलेला हा संशोधक १९४५ ते १९४९ या काळात अपक्ष म्हणून लिस्बनच्या संसदेत बसला आणि वसाहत कायद्यावर टीका करत राहिला. त्याच काळात, १८ जून १९४६ रोजी, मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी सभाबंदी मोडली आणि गोव्याचा प्रश्न संसदेतून मैदानात आला.

१९५१ मध्ये हुकूमशहा सालाझारने घटना बदलून वसाहतींचे नामकरण ‘सागरपार प्रांत’ असे केले. भारताने गोव्याची मागणी केली की लिस्बनचे उत्तर ठरलेले असे : गोवा वसाहत नाही, पोर्तुगालचा प्रांत आहे, त्याचे प्रतिनिधी आमच्या संसदेत बसतात. ज्या प्रतिनिधित्वासाठी गोम्स झटले होते, तेच आता गुलामी झाकण्यासाठी पुढे केले जात होते. १५ डिसेंबर १९६० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव १५४२ संमत करून हा युक्तिवाद फेटाळला आणि गोव्यासह पोर्तुगालचे सारे सागरपार मुलूख ‘स्वशासन न मिळालेले प्रदेश’ ठरवले.

दिल्लीत गोवा, गोमंतकीयांविना

१९४७ ते १९६१ या काळात भारताच्या संसदेत गोव्याला एकही जागा नव्हती, तरी गोवा तेथे गाजत राहिला. त्याची बाजू इतर मुलखांतले खासदार लढवत होते. पश्चिम बंगालमधील बहरामपूरचे खासदार त्रिदिब चौधुरी लोकसभेचे सदस्य असतानाच १९५५ च्या सत्याग्रहात गोव्यात शिरले आणि दीड वर्षाहून अधिक काळ पोर्तुगीजांच्या तुरुंगात राहिले. मे १९५५ मध्ये सेनापती बापट आणि नानासाहेब गोरे यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रातून तुकडी गेली. गोरे यांना पकडून शिक्षा झाली. सुटून आल्यावर १९५७ मध्ये ते पुण्यातून लोकसभेवर निवडून आले. त्याच निवडणुकीत गोव्याला लागून असलेल्या राजापूर मतदारसंघातून बॅरिस्टर नाथ पै निवडून आले, आणि गोव्याच्या मुक्तीसाठी त्यांची वाणी सभागृहात सतत तळपत राहिली. मधु लिमये, जगन्नाथराव जोशी हेही गोव्याचा तुरुंग सोसून आलेले. दोघेही पुढे लोकसभेत पोचले. पुण्यात जयंतराव टिळकांच्या पुढाकाराने उभी राहिलेली गोवा विमोचन सहायक समिती ही या सगळ्यामागची मोठी शक्ती होती.

गोवा या माणसांना विसरलेला नाही. पण त्यांना गोमंतकीयांनी निवडून दिले नव्हते, हेही तितकेच खरे. गोव्याविषयी कोणीतरी बोलणे आणि गोव्याने स्वतः बोलणे यांतला फरक मुक्तीनंतर लगेच जाणवू लागला.

नियुक्तीकडून निवडणुकीकडे

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६२ च्या बाराव्या घटनादुरुस्तीने गोवा, दमण व दीव हा केंद्रशासित प्रदेश भारतीय संघराज्यात समाविष्ट झाला. देशात तिसऱ्या लोकसभेची निवडणूक नुकतीच होऊन गेली होती आणि गोव्यात मतदारयाद्यासुद्धा नव्हत्या. म्हणून प्रशासनविषयक कायद्याने लोकसभेत दोन जागा दिल्या आणि निवडणूक होईपर्यंत त्या राष्ट्रपतींनी नामनिर्देशनाने भरायच्या असे ठरले. या पहिल्या दोघांत होते डॉ. पुंडलिक गायतोंडे. फेब्रुवारी १९५४ मध्ये एका मेजवानीत वक्ता गोव्याला पोर्तुगाल म्हणू लागताच “मी निषेध करतो” एवढेच शब्द त्यांनी उच्चारले आणि त्यासाठी त्यांना अटक करून लिस्बनला नेण्यात आले. एवढ्या शब्दांसाठी हद्दपार झालेला शल्यविशारद आठ वर्षांनी भारताच्या लोकसभेत गोव्यासाठी बसला.

दोन हा आकडा तेव्हाच ठरला. त्या वेळी गोवा, दमण व दीव यांची मिळून लोकसंख्या सव्वासहा लाखांच्या आसपास होती. निव्वळ गणिताने एक जागा पुरेशी ठरली असती. नव्याने सामील झालेल्या, वेगळी कायदेपद्धती आणि वेगळा इतिहास असलेल्या प्रदेशाला झुकते माप देण्याचा तो राजकीय निर्णय होता.

पहिली निवडणूक ९ डिसेंबर १९६३ रोजी झाली; विधानसभेच्या तीस आणि लोकसभेच्या दोन जागांसाठी. प्रौढ मताधिकार गोव्याने प्रथमच अनुभवला. जे कूळ, जे मुंडकार, जी गावडा-कुणबी माणसे पोर्तुगीज निवडणुकांच्या आसपासही फिरकू शकत नव्हती, ती रांगेत उभी राहिली. निकालाने दिल्लीला चक्रावून टाकले. देशभर राज्य करणाऱ्या काँग्रेसला विधानसभेत एकच जागा मिळाली, तीही दमणची. भाऊसाहेब बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेवर आला. डॉ. जॅक द सिकेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाला बारा जागा मिळाल्या. लोकसभेच्या दोन्ही जागाही मगोच्याच बाजूने गेल्या : पणजीतून पीटर आल्वारिस, मुरगावातून मुकुंद शिंक्रे.

आल्वारिस हे नाव थांबून पाहण्यासारखे आहे. समाजवादी कामगार पुढारी, नॅशनल काँग्रेस (गोवा) या संघटनेचे अध्यक्ष, १९५४ नंतरच्या सत्याग्रहांचे सूत्रधार, आणि धर्माने ख्रिस्ती असूनही महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूचे. विलीनीकरणाचा वाद हा केवळ हिंदू-ख्रिस्ती वाद होता, असे सरसकट म्हणणाऱ्यांना गोव्याचा पहिला निर्वाचित खासदारच खोटे पाडतो.

जनमत कौल : सभागृहाने परत केलेला प्रश्न

आता दिल्लीत गोव्याचे दोन खासदार, दोघेही विलीनीकरणवादी. पणजीत सरकार विलीनीकरणवादी. संसदीय लोकशाहीच्या नेहमीच्या हिशेबाने कौल मिळाला होता. बांदोडकरांचे म्हणणे तेच होते, आणि महाराष्ट्रातील नेत्यांचेही.

पण युनायटेड गोवन्सचा दावा वेगळा होता. लोकांनी मगोला मते दिली ती भाटकारशाहीच्या, म्हणजे जमीनदारीच्या, विरोधात, शाळांसाठी, जमिनीसाठी. गोव्याचे वेगळेपण पुसण्यासाठी नव्हे. जॅक द सिकेरा आणि त्यांचे सहकारी दिल्लीत खेटे घालत राहिले. काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर यांनी पक्षाच्या केंद्रीय नेतृत्वाला हाच मुद्दा पटवण्यासाठी आपले सारे वजन खर्ची घातले. अखेर डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने जनमत कौलाचा खास कायदा केला. राज्यघटनेत सार्वमताची तरतूद नाही. प्रतिनिधींनी निर्णय घ्यायचा, हीच आपली रीत. तरीही या एका प्रश्नावर संसदेने प्रतिनिधींना बाजूला ठेवून थेट मतदारांना विचारायचे ठरवले. मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून बांदोडकर सरकारने राजीनामा दिला.

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मतदान केले. विलीनीकरणाची निशाणी फूल, केंद्रशासित प्रदेशाची निशाणी दोन पाने. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. तीन वर्षांपूर्वी ज्या मतदारांनी दोन्ही खासदार विलीनीकरणवादी निवडले होते, त्यांनीच विलीनीकरण नाकारले.

याहून रंजक पुढेच आहे. त्यानंतर लगेच झालेल्या विधानसभा निवडणुकीत त्याच मतदारांनी बांदोडकरांना पुन्हा सत्तेवर बसवले. आणि १९७१ च्या लोकसभा निवडणुकीत पणजीतून निवडून आले पुरुषोत्तम काकोडकर, तर मुरगावातून एरास्मो द सिकेरा. दोघेही विलीनीकरणाचे विरोधक! आठ वर्षांत गोव्याची दोन्ही बाके एका टोकावरून दुसऱ्या टोकावर गेली होती, आणि पणजीत मात्र सत्ता मगोचीच होती. मतदार प्रत्येक प्रश्नाला वेगळे उत्तर देत होता. ज्या खासदारावर त्याने विश्वास टाकला, त्याच्या प्रत्येक मतावर त्याने शिक्का मारलेला नव्हता. प्रतिनिधित्व म्हणजे काय, याचा एवढा स्वच्छ धडा देशातल्या फार थोड्या मतदारसंघांनी दिला असेल.

केंद्रशासित प्रदेशाचे खासदार

१९६७ ते १९८७ ही वीस वर्षे दोन खासदारांच्या कामाचे वजन मोठे होते. केंद्रशासित प्रदेशासाठी कायदे करण्याचा अंतिम अधिकार संसदेचा. पणजीच्या विधानसभेने केलेल्या अनेक विधेयकांची वाट राष्ट्रपतींच्या संमतीच्या दारातून जायची. पैसा गृहमंत्रालयाच्या हातातून यायचा. राज्यसभेत गोव्याला जागाच नव्हती. म्हणजे दिल्लीत गोव्याची बाजू मांडायची तर ती या दोघांनीच.

एरास्मो द सिकेरा यांनी १९६७ पासून दहा वर्षे ती जबाबदारी पेलली आणि अभ्यासू वक्ता म्हणून नाव मिळवले. १९७७ मध्ये मुरगावातून काँग्रेसचे एदुआर्दो फालेरो आले आणि सलग पाच वेळा निवडून येत राहिले. केंद्रात राज्यमंत्री म्हणून त्यांनी परराष्ट्र खात्यासह अनेक खाती सांभाळली. पणजीत मात्र मतदार दर वेळी माणूस बदलत होता. १९७७ मध्ये मगोचे अमृत कांसार, १९८० मध्ये मगोच्याच संयोगिता राणे, १९८४ मध्ये काँग्रेसचे शांताराम नाईक, १९८९ मध्ये मगोचे गोपाळराव मयेकर, १९९१ मध्ये काँग्रेसचे हरीश झांट्ये. यांपैकी संयोगिता राणे यांचे नाव एका कारणासाठी वेगळे लक्षात ठेवायला हवे : गोव्याने आजवर संसदेत पाठवलेली ही एकमेव महिला.

ऐंशीच्या दशकात राजभाषेचे आंदोलन पेटले. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी राजभाषा विधेयक विधानसभेत संमत झाले. देवनागरी लिपीतील कोकणी राजभाषा झाली आणि शासकीय कामात मराठीच्या वापराचीही तरतूद राहिली. भाषेचा प्रश्न मार्गी लागल्यावर घटकराज्याचा मार्ग मोकळा झाला. छप्पन्नावी घटनादुरुस्ती आणि पुनर्रचना कायदा संसदेने संमत केला, आणि ३० मे १९८७ रोजी गोवा देशाचे पंचविसावे राज्य बनले. दमण व दीव वेगळे होऊन त्यांना लोकसभेची स्वतंत्र जागा मिळाली. विधानसभा तिसावरून चाळिसावर गेली. लोकसभेच्या दोन जागा कायम राहिल्या आणि राज्यसभेत गोव्याचे नाव प्रथमच दाखल झाले. ऑगस्ट १९९२ मध्ये एकाहत्तराव्या घटनादुरुस्तीने कोकणी आठव्या परिशिष्टात आली.

राज्यसभेची एक जागा

जॉन फर्नांडिस (१९८७–९९), एदुआर्दो फालेरो (१९९९–२००५), शांताराम नाईक (२००५–१७), विनय तेंडुलकर (२०१७–२३) आणि २०२३ पासून सदानंद शेट तानावडे. राज्यसभेतील गोव्याचा इतिहास एवढ्या पाच नावांत संपतो. चाळीस आमदार मतदान करतात, जागा एकच, त्यामुळे विधानसभेत ज्याचे बहुमत त्याचा खासदार, हा सरळ हिशेब.

एकाच जागेची अडचण किती खरी आहे, हे २०१४ मध्ये दिसले. मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर देशाचे संरक्षणमंत्री झाले. संसदेचे सदस्यत्व आवश्यक होते, पण गोव्याची एकमेव जागा शांताराम नाईक यांच्याकडे होती. गोव्याचा पहिला संरक्षणमंत्री उत्तर प्रदेशातून राज्यसभेत गेला. २०२१ मध्ये माजी मुख्यमंत्री लुईझिन फालेरो यांनी तृणमूल काँग्रेसमध्ये प्रवेश केला, तेव्हा तेही पश्चिम बंगालमधून राज्यसभेवर गेले.

लोकसभेतील निर्वाचित प्रतिनिधी

पणजी (२००९ पासून उत्तर गोवा) : पीटर आल्वारिस (१९६३), जनार्दन शिंक्रे (१९६७), पुरुषोत्तम काकोडकर (१९७१), अमृत कांसार (१९७७), संयोगिता राणे (१९८०), शांताराम नाईक (१९८४), गोपाळराव मयेकर (१९८९), हरीश झांट्ये (१९९१), रमाकांत खलप (१९९६), रवी नाईक (१९९८), श्रीपाद नाईक (१९९९, २००४, २००९, २०१४, २०१९, २०२४).

मुरगाव (२००९ पासून दक्षिण गोवा) : मुकुंद शिंक्रे (१९६३), एरास्मो द सिकेरा (१९६७, १९७१), एदुआर्दो फालेरो (१९७७, १९८०, १९८४, १९८९, १९९१), चर्चिल आलेमाव (१९९६, २००४), फ्रान्सिस सार्दिन (१९९८, २००७ ची पोटनिवडणूक, २००९, २०१९), रमाकांत आंगले (१९९९), नरेंद्र सावईकर (२०१४), कॅप्टन विरियातो फर्नांडिस (२०२४).

यादी काय सांगते

ही नावे नुसती वाचून सोडण्यासारखी नाहीत. १९७१, १९७७, १९८०, १९८९, १९९६, २००४, २००९, २०१९ आणि २०२४ या नऊ निवडणुकांत दोन जागा दोन वेगळ्या पक्षांना गेल्या. उत्तरेत नव्या काबिजादींचा हिंदू बहुजन मतदार निर्णायक, दक्षिणेत सासष्टीचा ख्रिस्ती मतदार. दोन्ही भागांचे प्राधान्यक्रम वेगळे. त्यामुळे गोव्याचा एक खासदार सत्ताधारी बाकांवर आणि दुसरा विरोधात, हे दृश्य दिल्लीच्या सवयीचे झाले आहे. दोनच्या बळाचे दोन तुकडे होतात ही तक्रार खरी आहे. पण गोव्याच्या दोन्ही चेहऱ्यांना सभागृहात जागा मिळते, हेही त्यामुळेच.

दुसरी गोष्ट पणजीच्या सत्तेच्या ओढीची. रवी नाईक आणि चर्चिल आलेमाव मुख्यमंत्रिपद भोगून दिल्लीत गेले. सार्दिन खासदारकीनंतर १९९९ मध्ये मुख्यमंत्री झाले. आलेमाव यांनी २००७ मध्ये विधानसभेसाठी लोकसभेची जागा सोडली आणि मुरगावात पोटनिवडणूक घ्यावी लागली. छोट्या राज्यात आमदारकीचे वजन खासदारकीहून जास्त वाटते, कारण सरकार दोन-तीन आमदारांवर उलटते आणि खासदारावर कधीच उलटत नाही. या प्रवाहाविरुद्ध दीर्घकाळ टिकलेले दोघेच : पाच वेळा निवडून आलेले फालेरो आणि सहा वेळा निवडून आलेले श्रीपाद नाईक. दोघांनाही केंद्रात मंत्रिपद मिळाले, याचा या सातत्याशी नक्कीच संबंध आहे.

संख्येची मर्यादा कोठे बोचते, याचे ठळक उदाहरण म्हादई नदीचे. गोवा, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांच्यातल्या या पाणीवाटपात लोकसभेच्या बाकांचा हिशेब दोन, अठ्ठावीस आणि अठ्ठेचाळीस असा आहे. गोव्याने आपली बाजू लढवली ती लवादापुढे आणि सर्वोच्च न्यायालयात. सभागृहात मतांची बेरीज करून नव्हे. आणि संख्येपलीकडे काय घडू शकते, याचे उदाहरण १९९६ चे. देवेगौडा मंत्रिमंडळात कायदा खात्याचे राज्यमंत्री असलेल्या रमाकांत खलप यांनी सप्टेंबर १९९६ मध्ये महिला आरक्षणाचे पहिले घटनादुरुस्ती विधेयक लोकसभेत मांडले. केवळ सोळा वर्षांपूर्वी जिथून एक महिला निवडून आली होती, त्याच पणजी मतदारसंघाचा हा खासदार.

पुढचे पुनर्सीमांकन

२०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५. म्हणजे एका खासदारामागे सव्वासात लाखांच्या आसपास माणसे. देशाची सरासरी बावीस लाखांहून अधिक. घटनेच्या ८१ व्या कलमात राज्या-राज्यांत लोकसंख्येच्या समान प्रमाणात जागा वाटण्याचे तत्त्व आहे, पण साठ लाखांपर्यंतच्या लोकसंख्येच्या राज्यांना १९७३ च्या घटनादुरुस्तीने त्यातून सूट दिली आहे. गोव्याच्या दोन जागा त्या सवलतीच्या आधाराने उभ्या आहेत. १९७६ पासून गोठवलेले राज्यवार जागावाटप २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेनंतर पुन्हा खुले होईल, तेव्हा गणिताच्या भाषेत गोव्याकडे मागायला फारसे काही नसेल. सांगायला असेल तो इतिहास. १९६२ मध्ये दोन जागा कशासाठी दिल्या होत्या, ते कारण अजून संपलेले नाही, हे गोव्याच्या बाजूने मांडता आले पाहिजे.

गोव्याच्या हाती असलेली कामे मात्र वेगळी आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये महिला आरक्षणाची घटनादुरुस्ती अखेर संमत झाली. जनगणना आणि पुनर्सीमांकनानंतर ती अमलात येईल. दोन जागांच्या राज्यात एक-तृतीयांशाचा हिशेब कसा बसवायचा हे कायदा ठरवेल, पण महिलेला उमेदवारी द्यायला कोणत्याही पक्षाला कायद्याची वाट पाहावी लागत नाही. गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना २००३ मध्ये अनुसूचित जमातींचा दर्जा मिळाला, तरी विधानसभेत त्यांच्यासाठी एकही राखीव जागा नव्हती. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने त्यासाठीचे विधेयक संमत केले. ते प्रत्यक्षात आले की राज्यसभेच्या एकमेव जागेसाठी मत देणाऱ्या चाळीस आमदारांत या समाजांचे आमदार हक्काच्या जागांवरून बसतील. १८२२ च्या निवडणुकीत ज्यांना मतदार म्हणूनही स्थान नव्हते, ते आता दिल्लीला माणूस पाठवणाऱ्यांत असतील. गोव्याच्या जागा वाढतील की घटतील, ते इतरांच्या संख्येवर ठरेल. त्या जागांमागे कोण कोण उभे आहे, हे गोव्याने स्वतः ठरवायचे आहे.